‘अबे थांब ना, माही रिॲक्शन बाकी हाये!’ : डी अँड डीच्या लढाईत पाळीचे आणि बचावाचे घोळ

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा फासे टाकून, बोलत बोलत गोष्ट रचायचा खेळ. त्यात लढाई सुरू झाली की खेळ अडतो, ही नव्या डीएमची, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्याची, नेहमीची तक्रार. गोष्ट रंगात आलेली असते, पडक्या गढीत रात्री शिरायचं की सकाळी यावर मनसोक्त वाद झालेला असतो, आणि पहिलं रानडुक्कर अंगावर आलं की सगळे एकदम बोलायला लागतात. पाळी कोणाची, आधी कोण काय बोललं, शिल्ड (वार अडवायचा मंत्र) आधी की सुळा आधी. एकजण मोबाईलवर पीडीएफ उघडतो, दुसरा भलतीच पीडीएफ उघडतो आणि दोघांचंही म्हणणं छापील निघतं.

नियम इंग्रजीत आहेत म्हणून घोळ होतो, असं आमच्या यवतमाळकडच्या पोरांचं मत. मला ते पटत नाही. इंग्रजी फाडफाड वाचणाऱ्यांच्या टेबलावरही हीच भांडणं होतात. खरा दोष डीएमच्या बोलण्याच्या वेगात असतो. रोख धरणं, वार लागणं आणि इजा होणं हे तीन वेगवेगळे क्षण आहेत. डीएम ते एका दमात उरकून टाकतो, मग बचाव करणाऱ्याला बोलायला फटच राहत नाही. बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत, पण त्याही घेतो.

आधी हे बघा: पुस्तक कोणतं?

पाचव्या आवृत्तीचे नियम २०१४ सालचे आणि नंतर सुधारलेले २०२४ सालचे. दोन्हींचा मूळ गाभा फुकट मिळतो. २०१४ च्या नियमांवरचा एसआरडी (मूळ नियमांची खुली फाईल) ५.१ हा २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात आला, सुधारित नियमांवरचा ५.२ हा २०२५ मध्ये. त्यामुळे एकाच सतरंजीवर दोन्ही सापडतात, आणि व्हॉट्सॲपवर आलेली फाईल कोणती हे कोणीच बघत नाही. पहिलं पान उघडून एकदा खात्री करा.

पाळीच्या बाबतीत मोठा फरक पडतो तो अचानक हल्ल्यात. समजा डुकरं पराटीत (कपाशीच्या झाडांत) दबा धरून बसलीत आणि आपल्या मंडळींना पत्ता नाही. २०१४ च्या नियमाने बेसावध सापडलेल्याला पहिल्या पाळीत हलता येत नाही, ॲक्शन (पाळीतलं मुख्य काम, जसं वार) घेता येत नाही आणि ती पाळी संपेपर्यंत रिॲक्शनही (मध्येच झटकन दिलेलं उत्तर, जसं बचाव) घेता येत नाही. म्हणजे विझर्डची (मंत्र म्हणणाऱ्या पात्राची) पाळी डुकरांनंतर असेल, तर पहिल्या धडकेला शिल्ड नाहीच. २०२४ मध्ये बेसावध माणूस फक्त इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा फासा) डिसॲडव्हान्टेजने टाकतो: दोन फासे, त्यातला लहान धरायचा. रिॲक्शन त्याच्याकडे पहिल्यापासून असते. विझर्ड जगणार की लोळणार हे इथेच ठरतं, म्हणून फासा टाकायच्या आधी आवृत्ती ठरवा.

‘माही पाळी गेली कुठी?’

इनिशिएटिव्हचा नियम सोपा आहे. वीस बाजूंचा फासा अधिक डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) मॉडिफायर, म्हणजे त्या गुणाचा अधिक-उणा आकडा, मोठ्या आकड्यापासून खाली. लढाईत एकदाच टाकायचा, दर फेरीला नाही. एकाच जातीच्या राक्षसांसाठी डीएम एकच फासा टाकतो, तेव्हा तीन डुकरांचे तीन आकडे लिहीत बसू नका. दोन खेळाडूंचा आकडा सारखा आला तर कोण आधी ते त्यांनी आपसात ठरवायचं. खेळाडू आणि राक्षस बरोबरीत आले तर डीएम ठरवतो.

पाळी हरवते ती आकडे वहीत लिहिल्यामुळे. वही फक्त डीएमला दिसते, बाकीचे अंदाजाने बसतात. आमच्या डीएमसमोर जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा आडोसा उभा असतो. त्याच्या वरच्या काठावर कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे, आणि प्रत्येकावर स्केचपेनने लिहिलेलं: फायटर, रोग, क्लेरिक, विझर्ड, डुकरं. (फायटर म्हणजे लढवय्या, रोग म्हणजे इंग्रजीतला ‘rogue’, लपूनछपून वार करणारा, आणि क्लेरिक देवाच्या शक्तीने मंत्र म्हणणारा.) खेळाडूंच्या बाजूने डावीकडून उजवीकडे पाळीचा क्रम. एक लाल चिमटा रिकामा, तो ज्याची पाळी त्याच्या शेजारी सरकत जातो. कोणी मेलं की त्याचा चिमटा निघाला. लाईन गेली तरी टॉर्चच्या उजेडात दिसतं, आणि ‘माही पाळी कवा?’ हा प्रश्न बंद होतो.

लाल चिमटा सरकवताना पुढच्याचंही नाव घ्यायचं: ‘रोग, बोल. क्लेरिक, तयारीत राहा.’ क्लेरिकला आपलं काय करायचं ते रोगच्या पाळीतच ठरवता येतं.

याच जातीचा आणखी एक घोळ आहे. सरदाराशी बोलणी चालू असतात आणि मध्येच रोग म्हणतो, ‘मी खंजीर खुपसला!’ मग तो फुकटचा वार मागतो, कारण तो आधी बोलला. तसा वार मिळत नाही. ‘खुपसतो’ म्हटल्याबरोबर इनिशिएटिव्ह पडते आणि त्याचा आकडा लहान आला तर सरदाराने हात कमरेला जाताना पाहिला असं समजायचं. समोरचा खरोखर बेसावध होता असं वाटलं, तर वरचा बेसावधपणाचा नियम लावा. तोंडाने पहिला बोलला म्हणून कोणाला बक्षीस देऊ नका, नाहीतर टेबलावर मोठ्या आवाजाच्या माणसाचं राज्य येतं.

‘मी त शिल्ड म्हणलो होतो ना बाप्पा!’

हा सगळ्यांत चिवट आजार. नियमासकट नीट बघू.

पहिल्या पातळीचा विझर्ड, आर्मर क्लास (एसी, वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १२, हिट पॉइंट (अंगातला जीव) ८. समोर २०१४ च्या नियमातलं रानडुक्कर. त्याच्या सुळ्याच्या वाराला फाशावर अधिक ३, इजा एक सहाबाजू फासा अधिक १. वीस फूट सरळ धावत येऊन वार लागला तर आणखी एक सहाबाजू फासा इजा, आणि ११ चा स्ट्रेंग्थ सेव्ह (ताकदीवर टाकायचा बचावाचा फासा) चुकला तर माणूस आडवा. घाईचा डीएम हे असं सांगतो:

‘डुक्कर पराटीतून सुटलं, तेरा न तीन सोळा, लागलं तुले, नऊ इजा, गेलास तू.’

या वाक्यात शिल्ड म्हणायला जागाच नाही. विझर्ड ओरडतो तोवर तो बेशुद्ध आहे. मग ‘मी आधी म्हणलो’, ‘नाही, तू मागून म्हणला’, आणि उरलेली रात्र त्यातच जाते.

शिल्ड कधी म्हणायचं ते मंत्रातच लिहिलंय: वार लागल्यावर. रिॲक्शन खर्ची पडते, पहिल्या पातळीचा एक स्लॉट (मंत्र म्हणायच्या मोजक्या संधींतली एक) जातो, आणि आर्मर क्लास ५ ने वाढतो, त्या लागलेल्या वारालाही धरून. म्हणजे तो क्षण ‘लागलं’ आणि ‘इजा’ यांच्या मधला. तोच डीएमने दाखवायला हवा:

‘डुक्कर तुझ्याकडे सरळ धावत येते, तीस फुटांवरून.’ थांबायचं. फायटर शेजारी ढाल घेऊन उभा असेल आणि त्याच्याकडे प्रोटेक्शन (शेजाऱ्याला वाचवायचं कसब) असेल, तर त्याने आत्ता बोलायचं. ते वाराच्या फाशावर डिसॲडव्हान्टेज लावतं, फासा पडून गेल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

‘सोळा.’ पुन्हा थांबायचं. ‘तुझा एसी बारा. लागून रायलं.’ इथे डीएमने इजेच्या फाशाला हात लावायचा नाही. मी त्याला हात मांडीवरच ठेवायला सांगतो. विझर्ड म्हणतो ‘शिल्ड’. बारा न पाच सतरा. सोळा कमी पडला. वार हुकला, म्हणजे धडकेची जादा इजा नाही आणि आडवं पडणंही नाही, कारण त्या दोन्ही गोष्टी वार लागण्यावर टांगलेल्या आहेत.

विझर्ड म्हणाला ‘चालू दे’, तर मग फासा उचलायचा आणि इजा सांगायची. त्यानंतर शिल्ड नाही. इजा झाल्यावर चालणारे बचाव वेगळे आहेत: बॅटल मास्टरचा (फायटरचा एक प्रकार) पॅरी इजेतून आकडा वजा करतो, आणि हेलिश रिब्यूक हा मंत्र इजा करणाऱ्यालाच पोळतो. रोगचा अनकॅनी डॉज पाचव्या पातळीवर मिळतो. तो इजा अर्धी करतो, पण म्हणायचा मात्र वार लागल्यावर, शिल्डच्याच फटीत.

वेळ वाचावा म्हणून वाराचा आणि इजेचा फासा एकदम टाका, असा सल्ला बरेचजण देतात. खेळाडूंनी तसं खुशाल करावं. डीएमने राक्षसांसाठी करू नये, निदान समोरच्याची रिॲक्शन शिल्लक असेपर्यंत तरी नाही. इजेचा आकडा सगळ्यांना दिसून गेला की शिल्ड घ्यायचं की नाही हा निर्णय खोटा होतो. तीन इजा दिसली तर कोण स्लॉट जाळणार?

वाराचा आकडा उघड सांगावा की नाही, यावर पुस्तक डीएमला बांधत नाही. माझं मत सांगण्याच्या बाजूने आहे. पहिल्या पातळीच्या विझर्डकडे दिवसाचे दोनच स्लॉट. एकोणीस आलेल्या वारावर त्याने शिल्ड लावलं आणि तरी लागलं, तर त्याची रिॲक्शनही गेली आणि निम्मी शिदोरीही. तेवढ्या रहस्यातून खेळात भर पडत नाही. फाशावर सरळ वीस आला तर तेही स्पष्ट सांगा, कारण तो वार आर्मर क्लास कितीही असला तरी लागतोच.

शिल्ड त्या एका वाराबरोबर संपत नाही, विझर्डची पुढची पाळी सुरू होईपर्यंत टिकतं. मागून येणाऱ्या दोन डुकरांनाही सतराच गाठावे लागतात. आधी त्यांना फाशावर नऊ पुरत होते, म्हणजे ६० टक्के. आता चौदा लागतात, ३५ टक्के. डीएमला याचा विसर पडतो, म्हणून विझर्डने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ‘१७’ लिहून समोर ठेवावा आणि पाळी आली की उचलावा.

डीएम थांबला नाही आणि भांडण झालंच, तर वार मागे घ्यायचा, इजा पुसायची आणि शिल्ड मान्य करायचं. डीएम थांबला होता आणि विझर्ड मोबाईलमध्ये होता, तर इजा कायम.

‘एक रिॲक्शन त उरली असंन?’

प्रत्येकाला एकच रिॲक्शन. शिल्ड, पॅरी, अनकॅनी डॉज, पळणाऱ्यावर मारलेला ऑपॉर्च्युनिटी अटॅक, काउंटरस्पेल (दुसऱ्याचा मंत्र तोडायचा मंत्र), सगळं त्याच एका खात्यातून. त्यासाठी प्रत्येकापुढे एक चिंचोका ठेवा. रिॲक्शन घेतली की चिंचोका मधल्या वाटीत टाकायचा, स्वतःची पाळी सुरू झाली की उचलून घ्यायचा. वाटी स्टीलची घ्या, आवाज येतो.

चूक होते ती परत मिळण्याच्या वेळेत. फेरी नवी सुरू झाली म्हणून रिॲक्शन परत येत नाही, आपली पाळी सुरू झाली की येते. डुकरं १२ वर, फायटर ९ वर, लांडगा ५ वर. पहिल्या फेरीत लांडगा फायटरच्या टप्प्यातून निसटला, फायटरने त्याला हाणलं, चिंचोका वाटीत. दुसऱ्या फेरीत १२ वर डुक्कर निसटतं. फायटर उसळून तलवार उचलतो, पण त्याचा चिंचोका अजून वाटीतच आहे. तो ९ वर मिळेल. डुक्कर सुटलं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. लढाईच्या पहिल्या फेरीत आपली पाळी यायच्या आधीही रिॲक्शन घेता येते, २०१४ मध्ये बेसावध नसाल तर. ‘माही पाळी त आलीच नाही अजून’ म्हणून बिचारा क्लेरिक गप्प बसतो. त्याने बसू नये.

ऑपॉर्च्युनिटी अटॅक टप्प्याबाहेर जाणाऱ्यावर लागतो, टप्प्यात गोल फिरणाऱ्यावर नाही. तो समोरचा बाहेर पडायच्या ऐन आधी होतो, त्यामुळे मारणारा जागेवरूनच मारतो. डिसएंगेज (वार न खाता निसटायची ॲक्शन) घेतलेल्यावर लागत नाही, ढकलून किंवा मंत्राने उडवून दिलेल्यावरही नाही. गॉब्लिन (बुटका राक्षस) तर बोनस ॲक्शनमध्येच, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कामात, डिसएंगेज घेतो. त्याच्यामागे तलवार घेऊन धावणाऱ्यांची दया येते.

एकाच क्षणी दोन गोष्टी अडकल्या, दोघांनी एकदम ‘मी, मी’ केलं, तर ज्याची पाळी चालू आहे तो क्रम ठरवतो. २०२४ च्या नियमांत हे स्पष्ट आहे, आणि २०१४ वाल्यांनीही लावायला हरकत नाही.

‘मी हुकवतो!’

डुक्कर आलं की नवा गडी म्हणतो, ‘मी बाजूला उडी मारतो.’ मोबाईलच्या गेममधून आलेली सवय. इथे वार चुकवण्याची रोजची धडपड आर्मर क्लासमध्येच मोजलेली आहे, डेक्स्टेरिटी त्यात आलीच. वेगळा डॉज हवा असेल तर तो ॲक्शन आहे, आपल्या पाळीत आधीच घ्यावा लागतो, आणि त्या पाळीत मग वार नाही.

पण घेतला तर तो भारी आहे. पुढच्या पाळीपर्यंत, जो हल्लेखोर दिसतो आहे त्याच्या प्रत्येक वाराला डिसॲडव्हान्टेज, आणि डेक्स्टेरिटी सेव्हला ॲडव्हान्टेज (दोन फासे, त्यातला मोठा धरायचा). ७५ टक्के लागणारा वार ५६ वर येतो, ५० चा २५ वर, आणि २५ चा थेट सहावर. म्हणजे ज्याचा आर्मर क्लास आधीच चांगला आहे त्यालाच डॉजचा जास्त फायदा. चिलखत घातलेला फायटर वाड्याच्या दाराच्या चौकटीत डॉज घेऊन उभा राहिला तर मागची मंडळी निवांत मंत्र म्हणू शकतात. आमच्याकडे हे कोणी करत नाही, कारण पाळी ‘वाया’ गेल्यासारखी वाटते. करून बघा. दोन अटी: अंधारातून न दिसणाऱ्याने मारलं तर डॉज लागू नाही, आणि वेग शून्यावर आला, म्हणजे कोणी पकडून धरलं, तर डॉज संपला.

फासा टाकूनच हुकवायची ज्याला हौस आहे, त्याच्यासाठी हिशेब न बिघडवता बदल करता येतो. डीएमने वाराचा फासा टाकायचाच नाही. बचाव करणाऱ्याने वीसबाजू फासा अधिक आर्मर क्लास वजा दहा टाकायचा, आणि गाठायचा आकडा बारा अधिक हल्लेखोराचा बोनस. आपला विझर्ड: फासा अधिक २, गाठायचे १५. तेरा किंवा वर आला तर वाचला, म्हणजे ४० टक्के. डुकराच्या ६० ची ही उलटी बाजू, बरोबर जुळते. एक आला तर तो डुकराचा वीस समजायचा. शिल्ड लावलं की स्वतःच्या फाशात पाच मिळवायचे. लहान पोरांना हे फार आवडतं.

याहून पुढे जायचं असेल तर गर्प्स हा याच जातीचा दुसरा खेळ बघा. तिथे डॉज, पॅरी आणि ब्लॉक हे खरोखर वेगळे बचाव आहेत, तीन सहाबाजू फासे टाकून ठरलेल्या आकड्यापर्यंत किंवा खाली आणायचे, आणि पाळीसाठी फासाच नाही, बेसिक स्पीडवर (पात्राच्या वेगाच्या आकड्यावर) क्रम लागतो. ऑल-आउट अटॅक घेतला तर बचाव सोडून द्यावा लागतो. मजा आहे, पण प्रत्येक वाराला दोन वेळा फासे पडतात आणि चार डुकरांत रात्र संपते.

‘मी थांबतो, त्याचं झाल्यावर करतो’

पाचव्या आवृत्तीत पाळी पुढे ढकलता येत नाही. पाथफाइंडर या तसल्याच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत डिले आहे, इथे नाही. इथे आहे रेडी: आपल्या पाळीत ॲक्शन खर्च करून सांगायचं, अमुक झालं की मी तमुक करीन. ते घडलं की रिॲक्शन वापरून करायचं. म्हणजे चिंचोका गेला, त्या फेरीत शिल्ड नाही.

अट डोळ्यांना दिसेल अशी सांगा. ‘धोका वाटला की’ ही अट नव्हे. ‘डुक्कर बांध ओलांडून या बाजूला आलं की’ ही अट. आणि काम होतं ते अट पुरी झाल्यानंतर. ‘त्याने बाण सोडला की मी त्याला मारतो’ म्हणाल तर बाण आधी लागेल.

पाचव्या पातळीच्या फायटरला रेडीमध्ये दोन वार मिळत नाहीत, एकच मिळतो, कारण एक्स्ट्रा अटॅक फक्त स्वतःच्या पाळीतला. मंत्र रेडी करायचा तर स्लॉट तिथेच गेला, मंत्र कॉन्सन्ट्रेशनवर (एकाग्रतेने) धरून ठेवायचा आणि अट घडलीच नाही तर हवेत. अशा विझर्डला डुकराने धडक दिली तर धरलेला मंत्रही सुटू शकतो.

‘लाईन आली, मोटर लावून येतो’

हे कोणत्याच पुस्तकात नाही, पण हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत आपल्याकडे होणारच. थ्री फेज रात्री येते, एकजण ऐन लढाईत उठून वावरात जातो, आणि त्याच्या चिमट्यावर गाडी अडते. त्याचं पात्र दुसऱ्याने खेळवू नये, त्यावरून पुढे सोयरीक तुटेल इतकं भांडण होतं.

गेलेल्याची पाळी आली की त्याच्या पात्राने डॉज घेतला असं धरायचं, दर फेरीला. मंत्र खर्च नाही, हालचाल नाही, रिॲक्शन तशीच शिल्लक, पण ती त्याच्या वतीने कोणी वापरायची नाही. परत आल्यावर गेलेल्या पाळ्या मागायच्या नाहीत. लाल चिमटा जिथे असेल तिथून त्याने खेळात शिरायचं. तो आला तेव्हा डुक्कर त्याच्यावरच वार करत असेल, तर तो लगेच चिंचोका टाकू शकतो. फक्त जाताना फासे खिशात घालून न्यायचे नाहीत.